फसलेल्यांचाही हिशेब : प्रस्तावना

उन्हाळा लागला की सावनेर तालुक्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. संत्र्याची बाग वाळायला लागते, विहीर तळाला जाते आणि शेतकऱ्यापुढे दुसरा रस्ता उरत नाही. गाडी सांगण्याआधी पाणी पाहणाऱ्याला निरोप जातो. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून हळूहळू चालतो. एका जागी नारळ उभा होतो. तिथे चुना टाकतात, अगरबत्ती लावतात आणि त्याच जागी खोदाई सुरू होते. पाणी लागले तर त्या माणसाचे नाव चार गावांत होते. नाही लागले तर कोणी म्हणते झरा सरकला, कोणी म्हणते गाडीवाल्याने जागा हातभर चुकवली, कोणी म्हणते घरधन्याच्या नशिबातच पाणी नव्हते. फेल गेलेला बोअर बुजवला जातो, त्याच्यासाठी काढलेले कर्ज मात्र मागे राहते. पुढच्या उन्हाळ्यात गप्पा रंगतात त्या पाणी लागलेल्या बोअरच्याच.

या पुस्तकाचा विषय त्या बुजवलेल्या बोअरपासून सुरू होतो. कोणत्याही दाव्याच्या जमेच्या नोंदी आपोआप आपल्यापर्यंत येतात. नावेच्या नोंदी मागून घ्याव्या लागतात. रोजच्या जगण्यातल्या चिकित्सक विचाराचा गाभा मला एवढाच वाटतो. बोअरचेच पाहा: खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठते. पुरेसे खोल गेले तर बऱ्याच ठिकाणी थोडेफार लागतेच. म्हणजे नारळ कुठेही उभा राहिला असता तरी काही बोअर यशस्वी झालेच असते. नारळामुळे त्यात किती भर पडली, हा खरा प्रश्न आहे. १९९० मध्ये जर्मनीतील कासेल येथे तीस पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर नळी पुरलेली होती. तिच्यातून पाणी वाहते आहे की बंद आहे, एवढेच त्यांना ओळखायचे होते. चाचणीची पद्धत त्यांना आधी मान्य होती. निकाल मात्र नाणे उडवून लागावा तसाच लागला. त्या माणसांपैकी बहुतेकांचा आपल्या शक्तीवर मनापासून विश्वास होता, हे इथे मुद्दाम सांगतो. दावा खोटा ठरतो तेव्हा दावा करणारा लबाडच असतो असे नाही. हात नकळत हलतो आणि तो हलला हे हाताच्या धन्यालाही कळत नाही.

आपल्या लोकांना विचार करता येत नाही, असे समजून या विषयावर लिहिणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी. पाणी पाहणाऱ्याला बोलावणारा शेतकरी बैलजोडी घेताना दात पाहतो, जोडी चालवून पाहतो, विकणाऱ्याच्या गावात जाऊन चौकशी करतो. बाग व्यापाऱ्याला देण्याआधी तो झाडावरच्या मालाचा अंदाज दोन-तीन जाणत्यांकडून घेतो. चिकित्सा त्याच्या अंगात मुरलेली आहे. ती थांबते ती तीन ओळखीच्या ठिकाणी: जिथे भीती असते, जिथे घाई असते आणि जिथे प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याचा अपमान करणे असे मानले जाते. बाजारात आपण सहज विचारतो तो प्रश्न आजारपणात, शुभकार्यात आणि मोबाईलच्या पडद्यापुढे तोंडातून बाहेर का पडत नाही, याचा शोध या पुस्तकात आहे.

साप चावल्याचे उदाहरण घेतो, कारण आपल्या भागात पऱ्हाटीत आणि बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात ते कधी ना कधी येते. आपल्याकडे माणसाच्या जिवावर मुख्यतः उठतात ते चार साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पण वावरात रोज दिसतात ते बहुतेक धामण, दिवड किंवा मण्यारसारखा दिसणारा कवड्या, आणि ते बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळ जण मंत्राशिवायही वाचणारच होते. ते सगळे मांत्रिकाच्या खात्यात जमा होतात. ज्याला खरोखर विष भिनले, त्याची पापणी जड होऊन मिटू लागते, तोंडाला फेस येतो, मग घरचे घाबरून त्याला दवाखान्यात हलवतात. तोपर्यंत प्रतिसर्पविष देण्याची मोलाची वेळ हातची गेलेली असते. रोगी दवाखान्यात दगावतो आणि ती नोंद दवाखान्याच्या नावे पडते. वर्षानुवर्षे असा हिशेब चालला की प्रामाणिक माणसालाही मांत्रिक गुणाचा आणि डॉक्टर निरुपयोगी वाटू लागतो. इथे कोणाची बुद्धी कमी पडलेली नसते. खातेवहीच एकतर्फी लिहिलेली असते.

ही खातेवही सरळ करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. नैयायिकांनी प्रमाणांची चर्चा केली, वरवर कारण वाटणाऱ्या पण कारण नसलेल्या गोष्टींना हेत्वाभास म्हणून वेगळे काढले. चार्वाकांनी प्रत्यक्षाचा आग्रह धरला. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा सल्ला बुद्धाने कालाम लोकांना दिल्याचे अंगुत्तर निकायात आहे. नागपूरच्या माणसाला हा धागा जवळचा आहे, कारण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्यांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. परंपरा तपासून पाहण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार त्या दिवशी पंडितांच्या सभेतून सामान्य माणसाच्या हाती आला.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने या विचाराला सामाजिक धार दिली. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि एक नवा प्रश्न शिकवला: या समजुतीचा फायदा कोणाला होतो? गोपाळ गणेश आगरकरांचे शिक्षण काही काळ आपल्या वऱ्हाडात, अकोल्यात झाले. त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करून दुसरा प्रश्न लावून धरला: याला आधार काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात. आधार तपासला पण फायदा कोणाचा हे पाहिले नाही, तर चिकित्सा कोरडी राहते. फायदाच पाहिला आणि आधार तपासला नाही, तर ती संशयखोर होते.

विदर्भाने यात स्वतःची भर घातली ती संतांच्या वाटेने. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. नवस, बकरे कापणे, कर्ज काढून सण करणे यांवर ते तुटून पडत, पण समोर बसलेल्या माणसाला त्यांनी कधी परके केले नाही. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाच्या जगण्याचा विचार करताना अंधश्रद्धेलाही हात घातला. श्रद्धावान माणसांत बसून, त्यांच्याच बोलीत चिकित्सा करता येते, हे या दोघांनी दाखवले. पुढच्या कार्यकर्त्यांना जी भाषा सापडायला वेळ लागला, ती इथे आधीच तयार होती.

संघटित चळवळ आली ती त्यानंतर. श्रीलंकेत स्थायिक झालेले केरळचे अब्राहम कोवूर यांनी चमत्कार करून दाखवणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले आणि भारतभर दौरे केले. बी. प्रेमानंद हातचलाखीचे प्रयोग घेऊन गावोगाव फिरले. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा संमत झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एवढे एक वाक्य लिहिले तरी काही जीव वाचतील.

चळवळीच्या बरोबरीने, पण थोड्या वेगळ्या वाटेने, चाचणीची परंपरा वाढली. तिची माणसे भाषणापेक्षा नोंदवहीवर भिस्त ठेवतात. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली. नुसता अंदाज केला असता तरी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. या चाचणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची सभ्यता. कोणाची टिंगल केलेली नाही, कोणाला सापळ्यात पकडलेले नाही. दावा विचारला, कसोटी ठरवली, चुकलेलीही उत्तरे मोजली आणि निकाल छापला.

हीच शिस्त माणसे वाचवते. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रोग्यांच्या नोंदी रोग्याशेजारी बसून ठेवल्या. रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाने मृत्यू रोखता येतात, हे त्या नोंदींतून उभे राहिले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत सुरू केली आणि शेजारच्या ४७ गावांत ती न करता तिथलेही मृत्यू मोजले. त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. पण त्या आकड्याला वजन आले ते दुसऱ्या ४७ गावांमुळे. काहीच केले नसते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ होते. पाणी पाहणाऱ्याच्या नारळाला आणि मांत्रिकाच्या मंत्राला आपण हाच प्रश्न विचारायचा आहे, आणि कृषी केंद्राच्या फलकालाही. फलकावर एका शेतकऱ्याचा फोटो असतो आणि खाली एकरी उताऱ्याचा मोठा आकडा. ते बियाणे पेरलेल्या बाकीच्यांना काय उतारा आला, हे दुकानदाराला विचारायला हरकत कसली?

आणखी एक परंपरा मानसशास्त्राची. माणूस चुकतो तो ठरावीक पद्धतीने चुकतो, हे तिने दाखवले. १९६० मध्ये पीटर वॅसन यांनी लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितले. लोक ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे आपल्या अंदाजाशी जुळणारेच आकडे सुचवत राहिले आणि ‘दोनाने वाढणारे’ असे ठामपणे सांगू लागले. नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. १, २, ९ असे आपल्याच अंदाजाला छेद देणारे आकडे एकदा विचारले असते तर ते लगेच कळले असते. डॅनिअल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांनी पुढे अशा सवयींचा मोठा अभ्यास केला. त्यातून एक नम्र करणारी गोष्ट कळते: या सवयी शिकलेल्या आणि न शिकलेल्या दोघांतही असतात. शिकलेल्या माणसाला आपल्या चुकीसाठी कारणे तेवढी अधिक चांगली सापडतात.

हे सगळे आज का सांगायचे? कारण दावे आता दारापर्यंत यायचे थांबले आहेत, ते थेट उशाशी येतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो आपल्या लेकरांच्या काळजीपोटीच पाठवला असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर शहरात बाधा उतरवण्याच्या नावाखाली आईबापांच्या मारहाणीत पाच वर्षांची मुलगी दगावली. महानगरात, हातात मोबाईल असलेल्या घरात हे घडले. आता निवृत्त माणसाला फोन येतो, पलीकडे पोलिसाच्या गणवेशातला चेहरा असतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका, लगेच पैसे भरा’ असे सांगितले जाते. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. पण भीती, घाई आणि गुप्तता ही तीन हत्यारे करणी उतरवणाऱ्याचीही असतात आणि या फोनवाल्याचीही. उताराही एकच आहे: फोन ठेवायचा, घरातल्या एका माणसाला सांगायचे, १९३० या क्रमांकावर कळवायचे. संशय एकट्याने घेणे अवघड असते. दुसऱ्याला नुसते सांगितले तरी निम्मी भीती उतरते.

चिकित्सेचे एक विपरीत रूपही आज फोफावले आहे, आणि त्याविषयी या पुस्तकाला तितकीच काळजी आहे. काहीच खरे नसते, सगळे विकलेले असतात, लस असो की बातमी, सगळे थोतांड, असे म्हणणाऱ्याला आपण फार सावध आहोत असे वाटते. त्याने तपासलेले मात्र काहीच नसते. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघेही मेहनत टाळतात. चिकित्सकाला एखादी गोष्ट तपासून झाल्यावर ‘हे खरे आहे’ असे म्हणण्याचीही तयारी लागते, आणि ते सत्य आपल्या विरोधकाच्या बाजूचे असले तरी लागते.

प्रश्न फक्त गरिबाच्या देवऋषीला विचारायचे आणि मोठ्यांना सोडून द्यायचे, ही चिकित्सा नव्हे. आपल्या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, खापरखेड्याचे वीज केंद्र आहे. राख, धूळ आणि पाणी यांविषयी कोणी ‘सगळे मर्यादेत आहे’ म्हणाले, तर मोजमाप कुठे केले, कधी केले, किती दिवस केले, हे विचारले पाहिजे. ‘सगळे विषारी झाले’ म्हणणाऱ्यालाही हेच विचारले पाहिजे. उमेदवाराचे आश्वासन, खासगी शिकवणीची निकालाची जाहिरात, दामदुप्पट देणारी योजना, या सर्वांना एकच माप. शिकवणीच्या फलकावर पहिल्या दहांचे फोटो असतात. प्रवेश किती जणांनी घेतला होता, हे त्यावर कुठेच नसते.

असे विचारणे शिकवता येते का? येते, आणि त्याचा पुरावा आहे. युगांडात १२० प्राथमिक शाळांत दहा हजारांहून अधिक मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील मुलांना औषधोपचाराविषयीचे दावे कसे तपासावेत, हे चित्रकथेच्या पुस्तकातून शिकवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार शिकवलेल्या मुलांपैकी ६९ टक्के चाचणीत उत्तीर्ण झाली, न शिकवलेल्यांपैकी २७ टक्के. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत हे करायला फळा आणि खडू पुरेसे आहेत. शिवाय वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये ते घटनेत आले.

हे पुस्तक त्या कर्तव्याला घरगुती रूप देऊ पाहते. त्याची मांडणी तर्कशास्त्राच्या क्रमाने केलेली नाही. वावर, दवाखाना, बाजार, शाळा, मोबाईल आणि घर अशी ती माणसाच्या दिवसाच्या क्रमाने आहे. देव मानू नका, असे ते सांगत नाही. प्रार्थनेने मनाला बळ येत असेल तर त्याविषयी त्याची तक्रार नाही. पण कोणी पैसे, शरीर किंवा मत मागत असेल, तर तिथे दावा आला, आणि दाव्याला आधार द्यावा लागतो. जागोजागी वाचकाला स्वतःची वही उघडायला सांगितले आहे: गावातल्या सगळ्या बोअरची यादी करा, वर्षाच्या राशिभविष्याशी घडलेल्या गोष्टी ताडून पाहा, घरच्या ग्रुपवर आलेल्या महिनाभराच्या संदेशांतले किती खरे निघाले ते लिहा. नुसते वाचून ही सवय लागत नाही. आपल्या अक्षरात लिहिलेला आकडा जेवढे शिकवतो तेवढे कोणतेही प्रकरण शिकवणार नाही.

शेवटचा मुद्दा प्रश्नाच्या किमतीचा. ती सर्वांना सारखी पडत नाही. घरात नुकती आलेली सून ‘बाळाला आधी डॉक्टरकडे नेऊ’ म्हणाली तर तिला उद्धट ठरवतात. ठेकेदाराच्या हाताखालचा मजूर मोजमाप मागू शकत नाही. जिच्यावर करणीचा आळ आला आहे, त्या म्हाताऱ्या बाईला तर तोंड उघडायचीही सोय नसते. प्रश्न विचारल्याची सर्वांत मोठी किंमत दाभोलकरांनी मोजली. उलट, मास्तरांना, डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदाराला, सरपंचाला, घरातल्या कर्त्या काकाजींना प्रश्न विचारणे फार स्वस्तात पडते. बैठकीत त्यांनी ‘थांबा, आधी चौकशी करू’ एवढे म्हटले तरी सुनेला, मजुराला आणि त्या म्हातारीला वाट मोकळी होते. म्हणून हे पुस्तक आधी त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा शब्द गावात चालतो, त्यांनी पहिला प्रश्न विचारावा, आणि तो आपल्याच जातीच्या, पक्षाच्या, पंथाच्या माणसाला विचारावा. बाकीच्यांना विचार कसा करायचा हे शिकवावे लागणार नाही. त्यांना विचारायची मुभा हवी आहे, आणि ती देणे आपल्या हातात आहे.